आमच्या रोगाला गिऱ्हाईक नाही

दोस्तांनो, आधी एका शब्दाची साल काढू. शब्द आहे 'दुर्लक्षित'.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दप्तरात 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग' नावाचं एक खातं आहे. महारोग, हत्तीरोग, काळा आजार, डेंगी, खरूज, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा, २०१७ पासून सर्पदंश. डिसेंबर २०२३ मध्ये उपाशी पोरांचे गाल कुरतडणारा नोमा आत घेतला आणि आकडा एकवीसवर गेला. जगातली शंभर कोटींवर माणसं या खात्यात राहतात. राहतात म्हणजे जन्मतात, खाजवतात, लंगडतात आणि मरतात.

आता व्याकरण बघा. शाळेत शिकवतात, रामाने रावण मारला. कर्ता तृतीयेत जातो, पण वाक्यात हजर असतो. 'दुर्लक्षित' या शब्दातून कर्ताच पळवलाय. कुणी दुर्लक्ष केलं? कधीपासून? कशासाठी? शब्द गप्प. असाच एक शब्द हजारो वर्षं आपल्या कपाळावर होता, 'अस्पृश्य'. ज्याला शिवायचं नाही तो. कोण शिवत नाही, ते शब्द सांगत नाही. म्हणून आपण तो फेकला आणि 'दलित' उचलला. हा शब्द कानावर पडला की लगेच पुढचा प्रश्न येतो, दळणारा कोण? जातं कुणाच्या घरचं?

माझं म्हणणं एवढंच की या एकवीस रोगांनाही तोच प्रश्न विचारा. प्रयोगशाळांतून सध्या 'अनेक नेमांचं औषध' गाजतंय, म्हणजे जंतूच्या एकाच जागी न मारता एकदम दोन-तीन जागी मारणारं औषध. ते आपल्याला हवंच आहे. पण भीक म्हणून नको. हक्क म्हणून हवं, आणि ते बनवणाऱ्या हातांत आपले हात हवेत.

●

मी शेगावचा. शेगाव म्हटलं की तुम्हाला मुंबई-नागपूर लाईनीवरचं स्टेशन आठवतं, गजानन महाराजांचं मंदिर आठवतं, कचोरी आठवते. त्याच तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं कुणाच्या बापाला आठवत नव्हती. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथल्या लोकांचं डोकं खाजायला लागलं आणि तीन-चार दिवसांत केसांचे पुंजके हातात यायला लागले. बाया, पोरी, पोरं, म्हातारी. हां हां म्हणता अठरा गावं आणि पावणेतीनशेवर माणसं.

मग आले सगळे. कॅमेरे आले. 'टक्कल व्हायरस' असं नाव आलं. पाण्याच्या बाटल्या भरून गेल्या, कातडीचे तुकडे गेले, आयसीएमआरची पथकं आली. पोरी डोक्याला फडकं बांधून घरात बसल्या, कॉलेज सुटलं, सोयरिकी अडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांच्या तपासाप्रमाणे पंजाबकडून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य भलतंच जास्त होतं आणि तेच माणसांच्या रक्तात आणि केसांत उतरलं होतं. म्हणजे जो जंतू शोधायला पथकं पाण्यात आणि कातडीत खोदत होती, तो जंतू नव्हताच. वाटपाच्या पोत्यात विष होतं. गहू कुणी पिकवला, कुणी उचलला, कुणी न तपासता आमच्या ताटात टाकला, या प्रश्नाला मात्र कुणी 'व्हायरस' म्हणालं नाही.

हा रोग त्या एकवीसच्या यादीत नाही, मला माहीत आहे. तरी इथूनच सुरुवात करतो, कारण बघणाऱ्याची नजर कशी चालते ते इथं उघडं पडलं. हीच गावं खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचे लोक किडन्या गेल्याचं वर्षानुवर्षं ओरडून सांगतात. किडनी पोटात असते, फोटोत येत नाही. टक्कल फोटोत येतं. माणूस मेल्यावर पथक येत नाही, माणूस विचित्र दिसल्यावर येतं.

आणि केसांचाच विषय निघालाय तर पुढचं ऐका. भांडवलदारांचा मुकुटमणी बिल गेट्स २०१३ साली लंडनात बोलून गेला की या भांडवलशाहीत मलेरियापेक्षा पुरुषांच्या टकलावरच्या संशोधनाला जास्त पैसा मिळतो. आपण हे बोललो असतो तर नक्षलवादी ठरलो असतो. तो बोलला तर टाळ्या. तरी शेगावच्या टकलाला त्या पैशातला छदाम मिळाला नाही, कारण टक्कल टकलात फरक आहे. श्रीमंताचं टक्कल ही बाजारपेठ, गरिबाचं टक्कल ही बातमी.

●

आता आफ्रिकेत चला. आपल्या आणि त्यांच्या दुखण्याचा सावकार एकच आहे.

तिथं त्से-त्से नावाची माशी चावते आणि निद्रारोग होतो. जंतू मेंदूत जातात, माणूस दिवसा झोपतो, रात्री भ्रमिष्टासारखा फिरतो, शेवटी झोपेतच मरतो. त्यावर जुनं औषध होतं मेलार्सोप्रॉल, संखियापासून केलेलं. शिरेतून जाताना आग करायचं आणि वीस रोग्यांतला एक औषधानेच मरायचा. मग एफ्लोर्निथिन आलं. मूळचा शोध कॅन्सरसाठीचा. कॅन्सरवर फारसं चाललं नाही, पण बेशुद्ध पडलेल्या निद्रारोग्यांना त्याने उठवून बसवलं. १९९० साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. आणि पाच वर्षांत कंपनीने ते बनवणं थांबवलं. का? गिऱ्हाईक नाही. रोगी लाखोंनी होते. गिऱ्हाईक नव्हतं. बाजारात रोगी आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे प्राणी असतात.

मग चमत्कार झाला. हेच द्रव्य चामडीवर चोळलं तर बायकांच्या ओठावरची लव कमी होते असा शोध लागला. २००० साली क्रीम बाजारात आलं. श्रीमंत देशांत खपायला लागलं, कारखान्याचा भट्टा पुन्हा पेटला. मग 'सीमा नसलेले डॉक्टर' आणि आरोग्य संघटना यांनी आरडाओरडा केल्यावर २००१ साली कंपनी आफ्रिकेसाठी इंजेक्शनं द्यायला राजी झाली. गोऱ्या गालावरच्या लवेने काळ्या माणसाचा जीव वाचवला. याला औषधशास्त्र म्हणायचं की सावकारी?

एकट्या एका औषधाची ही कथा असती तर मी लेख लिहायला बसलो नसतो. हिशेब बघा. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगात १,३९३ नवी औषधी द्रव्यं बाजारात आली. त्यातली उष्ण देशांतल्या रोगांसाठी आणि क्षयासाठी मिळून किती? सोळा. पुढच्या काळात, २००० ते २०११ मध्ये, ३३६ नवी द्रव्यं. दुर्लक्षित म्हणवणाऱ्या रोगांसाठी चार, त्यातली तीन मलेरियाची. महारोग, हत्तीरोग, काळा आजार यांच्या वाट्याला भोपळा.

●

आता त्या अनेक नेमांच्या औषधाकडे येऊ. बरेच दोस्त इथं पान उलटतील. उलटू नका. विज्ञान ही बामणाच्या घरची पोथी नव्हे, की कानावर पडलं तर शिसं ओततील.

जंतूच्या शरीरात जगण्यासाठी बरीच यंत्रं चालतात. एक यंत्र त्याचं अन्न बनवतं, एक त्याच्या बीजाची नक्कल काढतं, एक त्याची भिंत सांभाळतं. औषध म्हणजे यातल्या एका यंत्राच्या कुलपात घालून मोडलेली किल्ली. यंत्र बंद, जंतू मेला. पण कोट्यवधी जंतूंत एखाद्याचं कुलूप जन्मतःच थोडं वेगळं असतं. त्याच्यात किल्ली शिरत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, त्याची पिलावळ वाढते, आणि काही वर्षांत औषध म्हणजे खडू. यावर तोड एकच. दोन-तीन कुलपं एकाच वेळी मोडा. सगळी कुलपं एकदम वेगळी असलेला जंतू सापडणं जवळपास अशक्य.

हे दोन तऱ्हांनी जमतं. एक म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र देणं. दुसरी, एकच द्रव्य असं घडवणं की तेच दोन-तीन कुलपांत बसेल. दुसरी तऱ्हा कठीण. जे द्रव्य जंतूच्या अनेक जागी चिकटतं ते माणसाच्याही नको त्या जागी चिकटू शकतं. ते पारखायला वर्षं लागतात, पैसा लागतो. पण साधलं तर आपल्यासारख्यांना सगळ्यात मोठा फायदा. गोळ्या कमी, खेपा कमी, मजुरी बुडत नाही, औषध अर्ध्यावर सुटत नाही.

पहिली तऱ्हा खरी ठरली ती आपल्या विदर्भात. महारोगावर १९४० नंतर डॅप्सोन आलं आणि लोक बरे व्हायला लागले. एकच औषध, एकच कुलूप. १९६४ पर्यंत डॅप्सोनला न जुमानणारे जंतू पक्के सापडले आणि सत्तरच्या दशकात जगभर ते पसरले. तेव्हा डॅप्सोनच्या जोडीला रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन घेतलं. रिफॅम्पिसिन इटलीतल्या प्रयोगशाळेतून आलं, क्लोफाझिमिन डब्लिनमध्ये क्षयासाठी शोधलेलं. तीन औषधं, तीन वेगळे नेम. १९८१ साली वर्धा जिल्ह्यात ही बहुविध औषधांची पद्धत सुरू झाली, पुढे देशभर गेली. ज्या रोगाला लोक मागच्या जन्मीचं पाप म्हणत होते तो सहा महिने-वर्षभराच्या गोळ्यांनी बरा व्हायला लागला. पाप रिफॅम्पिसिनने मरतं का हो? मेला तो जंतू. कर्मसिद्धांताचा एवढा रोखठोक पराभव दुसरा कुठला दाखवा.

पण ही औषधं घराघरांत पोचली कशाने? बाजाराने नाही. सरकारी पैसा, परदेशी सरकारांची मदत आणि उन्हातान्हात सायकल हाणत दारोदार जाऊन पाठीवरचे चट्टे तपासणारे कर्मचारी, त्यांनी पोचवली. नफा मध्ये नव्हता म्हणून पोचली.

पुढे काय झालं तेही बघा. २००५ च्या डिसेंबरात दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी हा आकडा गाठला आणि देशाने महारोग 'दूर झाला' असं जाहीर केलं. आकडा गाठला तसा हात आखडला. आज जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या महारोग्यांत निम्म्याहून जास्त भारतातले, एक लाखाच्या वर. आणि इंग्रजांनी १८९८ साली महारोग्यांना कोंडण्यासाठी केलेला कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं. रोग गोळीने जातो, बहिष्कार गोळीने जात नाही. हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

●

शहाणे लोक म्हणतात, रोगाला जात नसते. डास चावताना जातीचा दाखला मागत नाही.

बरोबर. डास मागत नाही. गावाची रचना मागते.

हत्तीरोगाचा जंत क्युलेक्स डासातून येतो. क्युलेक्स वाढतो गटाराच्या घाण, साचलेल्या पाण्यात. आता सांगा, गावाचं सांडपाणी वाहत वाहत कुठं येऊन थांबतं? पाटलाच्या वाड्यापुढं? वस्ती उताराला, गावकुसाबाहेर, ही जागा आपण निवडली होती काय? नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या पट्ट्यात सुजलेले पाय ओढत माणसं कामाला जातात. बिहारात काळा आजार सगळ्यात जास्त खातो तो मुसहरांना. मुसहर म्हणजे दलितांतले दलित. ओलसर मातीची भिंत, तिच्या भेगेत वाळूमाशी, जमिनीवर झोपणारं अंग. भिंत विटांची असती तर माशीला भेग मिळाली नसती. रोगाला जात नसेल, पण भेगेला आहे.

हत्तीरोगावर आजही मुख्य औषध आहे डीईसी, १९४७ सालचं. ते आणणाऱ्या गटाचा म्होरक्या होता आंध्रातून अमेरिकेत गेलेला यल्लाप्रगड सुब्बाराव. दुसरं आयव्हरमेक्टिन. ते जपानातल्या मातीतल्या सूक्ष्मजीवातून निघालं आणि १९८१ पासून आधी गुराढोरांसाठी विकलं गेलं, १९८७ नंतर माणसांना मिळालं. माणसांतही कुणाला आधी नि कुणाला नंतर, ते सांगायला नको. तिसरं अल्बेंडाझोल, जंताची साधी गोळी. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात ही तिन्ही मिळून द्यायला सुरुवात झाली. तीन नेम एकदम. योजना चांगली, मी तिच्या विरोधात नाही. आणखी एक नेम शास्त्रज्ञांनी शोधलाय. या जंताच्या पोटात एक जिवाणू राहतो, त्याच्यावाचून जंत जगत नाही. डॉक्सिसायक्लिन या जुन्या स्वस्त औषधाने जिवाणू मरतो, मग जंत वांझ होतो आणि हळूहळू मरतो. पण कित्येक आठवडे रोज गोळी घ्यावी लागते. हे काम थोड्या दिवसांत करणारं औषध शोधा म्हटलं, की कंपनी विचारते, विकत कोण घेणार?

गोळ्या वाटायला आलेल्या ताईला वस्तीतली म्हातारी विचारते, "गोया देता बाई, पन ही नाली कोन बुजवीन?" शास्त्रज्ञ अनेक नेमांची भाषा करतात. म्हातारीने सांगितलेला नेम त्यांच्या कागदावर नाही. गोळी खाल्ल्यावर अंगातले जंत मरतात, ताप येतो, गरगरतं, मजुरीचा दिवस बुडतो. एवढं दुखणं काढून औषध घ्यायचं आणि नालीवरचा डास पुन्हा नवा जंत आणून टाकणार. मग लोक गोळी फेकतात तर म्हणे अडाणी!

●

आता साप. आमच्या बुलढाण्याकडं कापूस, सोयाबीन, तूर. शेतीची लाईट रात्रीची. पाणी द्यायला रात्री बांधावर उतरायचं, अनवाणी नाहीतर तुटक्या चपलेवर. पऱ्हाट्या उपटताना हात आत. मालक घरी झोपलेला, सालदार बांधावर. घोणस, फुरसं, नाग, मण्यार. २००० ते २०१९ या वीस वर्षांत या देशात सर्पदंशाने बारा लाख माणसं मेली असा अंदाज निघाला, वर्षाला सरासरी ५८ हजार. युद्ध झालं असतं तर स्मारक बांधलं असतं.

उपाय काय? १८९५ सालापासून एकच. घोड्याला विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातलं प्रतिविष माणसाला द्यायचं. आपल्याकडं चारही सापांवर चालणारी एकच कुपी मिळते, म्हणजे अनेक नेमांचं औषध आजोबाच्या काळापासून आहे. पण विष मुख्यतः येतं तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून, १९७८ सालची संस्था. साप पकडण्याची विद्या त्यांची, जीव त्यांचा धोक्यात. आणि एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं, त्यामुळं तिथल्या सापावर बेतलेली कुपी इथल्या सापावर कधी कमी पडते. दहा-वीस कुप्या घालाव्या लागतात. त्या गावच्या दवाखान्यात नसतात, तालुक्याला असतात. तालुक्याला डॉक्टर नसतो, जिल्ह्याला असतो. विष मात्र वाट बघत नाही.

शास्त्रज्ञांना आता कळलंय की बऱ्याच सापांच्या विषात दोन-तीन मोठे मारेकरी सारखेच असतात. त्यांना अडवणाऱ्या गोळ्या आधीच बनलेल्या होत्या. व्हॅरेस्प्लाडिब हृदयविकारासाठी, मारिमास्टॅट कॅन्सरसाठी. श्रीमंतांच्या रोगावर नापास झाल्या आणि फडताळात पडल्या. दोन्ही एकत्र दिल्या तर विषाचे दोन मारेकरी एकदम पकडले जातात असं प्रयोगशाळेत दिसलं. व्हॅरेस्प्लाडिबची गोळी भारतातल्या आणि अमेरिकेतल्या रोग्यांवर तपासली गेली. ठाम यश मिळालं नाही, पण लवकर दिली तर फायदा दिसतो अशी खूण मिळाली. विचार करा, बांधावरच्या माणसाच्या खिशात राहील अशी गोळी. पण हा शोध कुणी बांधावरच्या माणसासाठी केला नाही. श्रीमंताच्या ताटातलं उष्टं आपल्या पदरात पडलं. काळ्या आजाराचं मिल्टेफोसिनही कॅन्सरच्या शोधातलंच. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं आणि उष्टं खाणं सोडायला सांगितलं. औषधातलं उष्टं अजून सुटलेलं नाही.

त्या उष्ट्यावरही धंदा होतो. मिल्टेफोसिन भारतात २००२ पासून मंजूर होतं. २०१४ साली एका कॅनडाच्या कंपनीने त्याला अमेरिकेत मंजुरी मिळवली. दुर्लक्षित रोगाचं औषध आणलं म्हणून तिला बक्षिसाचं कुपन मिळालं, पुढच्या औषधाचा अर्ज लवकर तपासून घेण्याचं. ते कुपन तिने दुसऱ्या बड्या कंपनीला साडेबारा कोटी डॉलरला विकलं. मुसहराच्या झोपडीत त्यातलं काय आलं?

●

'कंपन्या फुकट देतात, तरी तुम्ही ओरडता' असं म्हणणारे आहेत. हो, देतात. महारोगाच्या गोळ्या फुकट येतात, आयव्हरमेक्टिन फुकट येतं. जीव वाचतात, घ्यावंच. पण दान देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली. काय द्यायचं, किती वर्षं, कुणाला, हे वरचा हात ठरवतो. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी कुणी घडा भरून घरपोच दिलं असतं तर आपण गप्प बसलो असतो काय? तळ्यावर हक्क पाहिजे होता.

आणि औषध पारखायची वेळ येते तेव्हा कुणाचं अंग लागतं? २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस हजारो पोरींना टोचली, त्यात आदिवासी पोरी भरपूर. आईबापाऐवजी कित्येक ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या. २०१३ साली संसदेच्या समितीने या प्रकारावर कोरडे ओढले. लस चांगली की वाईट हा इथं प्रश्न नाही. अंग आमचं, सही दुसऱ्याची, हा प्रश्न आहे. अनेक नेमांची नवी औषधं येतील तेव्हा चाचणीला पुन्हा आमचीच वस्ती लागेल. रोग आमच्याकडंच आहे ना! तेव्हा सही आमची, कागद आमच्या भाषेत, इजा झाली तर भरपाई, आणि औषध उतरलं की पहिला हक्क आमचा. हे आधी लिहून द्या, मग बाही वर करू.

●

आता आपल्यातल्यांना बोलतो. राग आला तर येऊ द्या.

आपण कविता लिहिल्या, मोर्चे काढले, विद्यापीठाचं नाव बदलून घेतलं. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते कलेबरोबर विज्ञानाचंही. तरी आपल्या चळवळीत रसायनशास्त्र म्हटलं की पोरं पेंगतात. जंतूचं कुलूप कोणतं आणि किल्ली कोणती हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपलं माणूस नसेल तर नेम दुसऱ्याच्याच सोयीने धरला जाणार.

आणि टेबलाशी गेलेल्याचं काय होतं तेही माहीत असू द्या. हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाची काळी पोरगी होती, रसायनशास्त्राची. महारोगावर त्या वेळी कडू कवठाच्या जातीतलं चॉलमुग्रा तेल द्यायचे. घट्ट, चिकट, टोचलं तर गाठी. १९१५-१६ च्या सुमाराला तिने ते तेल टोचता येईल असं करून दाखवलं. १९१६ साली ती वारली, वय चोवीस. तिच्या कॉलेजच्या गोऱ्या प्रमुखाने ते काम पुढे स्वतःच्या नावाने चालवलं. रोगी बरे होत गेले, पोरीचं नाव पुसलं गेलं. कितीतरी दशकांनी लोकांनी ते खणून काढलं. ब्लॅक पँथरचं नाव घेऊन आपण १९७२ साली उभे राहिलो. या बहिणीचं नाव आपल्या किती पोरांना ठाऊक आहे?

आपल्याकडं रोहित वेमुला, २०१६. डॉ. पायल तडवी, २०१९. प्रयोगशाळेचं आणि इस्पितळाचं दार आपल्याला उघडं आहे असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं मोठ्याने वाचावीत. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक पोरं आझाद मैदानावर बसली. संशोधकाने मैदानात बसायचं आणि वर म्हणायचं, तुमच्यात शास्त्रज्ञ होत नाहीत!

तरी वाट आहे. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर उचलून यशवंतच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच स्वतः गेल्या. बावस्करांनी महाडसारख्या गावात बसून, रक्तदाबावरचं प्राझोसिन लाल विंचवाच्या दंशावर वापरून दाखवलं आणि जगाच्या वैद्यकीय मासिकांना ते छापायला लावलं. २०२३ साली मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघी क्षयातून उठलेल्या पोरी. औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेलेली. त्यांनी बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याचा कंपनीचा डाव भारतीय पेटंट कार्यालयात हाणून पाडला. निद्रारोगावर २०१८ साली तोंडाने घ्यायची फेक्सिनिडॅझोलची गोळी मंजूर झाली. तिचं द्रव्य जुन्या फडताळात धूळ खात होतं आणि ते उकरून काढलं नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने. म्हणजे बाजाराबाहेर औषध होतं. करायचं ठरवावं लागतं.

आपल्या राज्यात परळला हाफकिन आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाचा पहिला सरकारी औषध कारखाना. आणि तीच पुढे आजारी कारखान्यांच्या यादीत ढकलली गेली. कारखाना आजारी पडत नाही, पाडतात. आमचं मागणं साधं आहे. हाफकिन आणि पिंपरी जनतेच्या पैशाने उभ्या करा आणि बाजाराला नको असलेली औषधं तिथं शोधा, तिथं बनवा. महाराष्ट्रातल्या सापांच्या विषावर महाराष्ट्रात प्रतिविष तयार करा. गावच्या दवाखान्यात रात्री बाराला कुपी आणि डॉक्टर दोन्ही ठेवा. औषधाच्या प्रत्येक मोहिमेच्या खर्चात नाली, पिण्याचं पाणी आणि पक्की भिंत धरा, कारण तेही नेमच आहेत. रेशनचं धान्य वाटण्याआधी तपासा. आणि रसायन, जीव, औषधशास्त्र शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींची फेलोशिप एक दिवसही अडवू नका.

३० जानेवारीला सरकार कुष्ठरोग निर्मूलन दिन पाळतं आणि जग दुर्लक्षित रोगांचा दिन. हार, फोटो, शपथ होईल. त्या दिवशी पाच-पाच जण मिळून जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. सापाच्या किती कुप्या आहेत, विचारा. गेल्या वर्षी किती घरांत महारोग तपासला, विचारा. वस्तीची नाली कोणत्या तारखेला बांधणार, विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. लिहून घ्या, खाली सही आणि शिक्का.